रुंद फ्लँजची पोलादी तुळई : आकार, सामर्थ्य आणि आधार

पोलादी तुळईचे सामर्थ्य किती, असा प्रश्न कोणी केला असता कोष्टकाचे पान उघडावे आणि त्यातील एका आकड्यावर बोट ठेवावे, हा बांधकाम-खात्यांतला व मक्तेदारांच्या कचेऱ्यांतला जुना शिरस्ता आहे. आणि कोष्टके रचणाऱ्यांनी आपले काम इतक्या चोखपणे बजावले आहे की, या शिरस्त्यात काही उणे असेल अशी शंकादेखील सहसा कोणास येत नाही. तथापि ज्या आकाराने गेल्या सव्वाशे वर्षांत जगातील उंच इमारतींचे, पुलांचे आणि कारखान्यांचे ओझे वाहिले, त्या रुंद फ्लँजच्या तुळईचा इतिहास आणि हिशेब ही दोन्ही जरा निवांतपणे तपासली, म्हणजे असे दिसून येते की कोष्टकात मिळतो तो तिचा आकार. सामर्थ्य हे मात्र ती कोठे, किती अंतरावर आणि कोणाच्या आधाराने बसविली आहे यावर ठरते, व या तजविजीत फरक पडला की एकाच तुळईच्या सामर्थ्यात तिपटीचे अंतर पडू शकते. प्रस्तुत आढाव्याचा रोख मुख्यतः याच मुद्द्यावर आहे.

या तुळईचा छेद ‘आय’ या रोमन अक्षरासारखा असतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. वरची व खालची आडवी पट्टी म्हणजे फ्लँज, आणि त्या दोहोंना जोडणारी उभी पातळ पट्टी म्हणजे वेब. अमेरिकेत या छेदांची नावे खोली व वजन यांवरून पडतात : ‘डब्ल्यू १८ × ५०’ म्हणजे सुमारे १८ इंच खोलीची आणि दर फुटास ५० पौंड वजनाची तुळई. नावावर फार विसंबून मात्र चालत नाही. ‘डब्ल्यू १४ × ७३०’ या अवजड स्तंभ-छेदाची प्रत्यक्ष खोली २२ इंचांहून अधिक भरते, कारण एका कुळातील सर्व छेदांत दोन फ्लँजांमधील आतले अंतर जवळजवळ कायम राहते आणि जाडी बाहेरच्या अंगाने वाढत जाते. पुढील विवेचनात डब्ल्यू १८ × ५० हाच छेद उदाहरणादाखल घेतला आहे. मेट्रिक मापांत त्याची खोली ४५७ मिलिमीटर, फ्लँजची रुंदी १९० व जाडी १४.५, वेबची जाडी ९ मिलिमीटर, आणि वजन दर मीटरला ७४ किलो.

असा विचित्र दिसणारा आकार का घ्यावा, याचे उत्तर सापडावयास मानवी बुद्धीला जवळजवळ दोन शतके लागली. गॅलिलिओने आर्चेत्री येथील नजरकैदेत असताना, १६३८ साली लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या ग्रंथात, एका टोकाने भिंतीत पुरलेल्या व मोकळ्या टोकाला वजन टांगलेल्या तुळईचा विचार केला, आणि तिचे बळ रुंदीच्या सम प्रमाणात पण खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे अचूक ओळखले. परंतु तुळई आपल्या खालच्या कडेभोवती फिरते आणि सर्व छेदभर सारखाच ताण असतो अशी त्याची कल्पना असल्यामुळे त्याने काढलेले बळ वास्तवाच्या तिप्पट भरत असे. पुढे हुकने विकृती ही बलाच्या प्रमाणात असते हा नियम सांगितला, कूलाँने १७७३ साली फ्रेंच अकादमीपुढे वाचलेल्या निबंधात छेदावरील ताण व दाब यांचा समतोल नीट मांडला, आणि १८२६ साली नाव्हिए याने आपल्या व्याख्यानांतून हे सारे अभियंत्यांच्या हाती देण्याजोगे केले. त्याचे सार असे की, तुळई वाकते तेव्हा तिच्या वरच्या तंतूंवर दाब व खालच्या तंतूंवर ताण येतो, मध्यभागी एक उदासीन अक्ष असा असतो की जेथे दोहोंपैकी काहीच नसते, आणि प्रतिबल हे त्या अक्षापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढत जाते. म्हणजे अक्षाजवळचे द्रव्य जवळजवळ फुकट पोसले जाते. जे द्रव्य अक्षापासून दूर आहे तेच खरे काम करते, आणि तेही दुहेरी : एकदा अधिक प्रतिबल सोसून आणि पुन्हा अधिक लांब भुजेने.

या तत्त्वाचा व्यवहारात किती लाभ होतो, ते आपल्या छेदावरून पाहता येईल. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९,४८० चौरस मिलिमीटर आहे. त्यातील ५८ टक्के द्रव्य दोन फ्लँजांत आहे, परंतु वाकण्यास विरोध करणारे जे निरूढी परिबल, त्यातील सुमारे ८१ टक्के हिस्सा त्या फ्लँजांचा आहे. तेवढेच पोलाद घेऊन त्याचा भरीव चौकोनी दांडा केला, तर त्याची बाजू साडेसत्त्याण्णव मिलिमीटरच्या आतच भरेल, आणि तुळईचा ताठपणा त्या दांड्याच्या ४४ पट, तर बळ साडेनऊ पट निघेल. वजन तेच, भट्टी तीच, किंमतही जवळजवळ तीच. फरक केवळ मांडणीचा. मात्र या उधळपट्टीविरहित मांडणीची किंमत अन्यत्र मोजावी लागते : आडव्या दिशेने, म्हणजे उभ्या अक्षाभोवती, हाच छेद उभ्या दिशेच्या एक-विसांश इतकाच ताठ आहे. हा विसांश पुढे आपल्याला फार छळणार आहे.

आकाराचे हे ज्ञान झाले तरी तो आकार लाटून काढणे कारखानदारांना बराच काळ साधले नाही. एकोणिसाव्या शतकातील लाटण-गिरण्यांत खाचा पाडलेल्या दोन आडव्या रुळांमधून तापलेले लोखंड काढीत. त्या खाचेतून फ्लँज सुटून यावा म्हणून त्याचा आतला पृष्ठभाग उतरता ठेवावा लागे, आणि फ्लँजवर थेट दाब देण्याची सोय नसल्यामुळे त्याची रुंदीही बेताचीच राही. हेन्री ग्रे या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या व अमेरिकेत काम केलेल्या अभियंत्याने या अडचणीवर जो तोडगा काढला तो ऐकताना सोपा वाटतो : आडव्या रुळांच्या जोडीने वेब दाबावा, त्याच वेळी उभ्या रुळांच्या जोडीने फ्लँज बाहेरून दाबावेत, आणि फ्लँजच्या कडा वेगळ्या रुळांनी नीट कराव्यात. अमेरिकन कारखानदारांनी प्रथम त्याला थारा दिला नाही, व त्याची गिरणी १९०१ च्या सुमारास लक्झेंबुर्गमधील डिफरडांज येथे चालू झाली. पुढे चार्ल्स श्वाब याने भांडवलाचा मोठा धोका पत्करून पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम येथे ती आणली आणि १९०८ पासून तेथून रुंद, समांतर फ्लँजच्या तुळया बाहेर पडू लागल्या. तोपर्यंत मोठ्या छेदासाठी पत्रे व कोन रिव्हेटांनी जोडून तुळई घडवावी लागे. ते सारे श्रम या एका यंत्राने अनावश्यक ठरविले. ज्या कारखान्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे पोलाद पुरविले, तोच बेथलेहेमचा कारखाना १९९५ मध्ये थंडावला व कंपनीने २००१ साली दिवाळे काढले. त्याने रूढ केलेला छेद मात्र आज जगभर लाटला जातो.

आता सामर्थ्याच्या हिशेबाकडे वळू. ज्या प्रतिबलाशी पोहोचताच पोलाद पूर्ववत होण्याची आपली वृत्ती सोडून कायमचे ताणले जाऊ लागते, तो त्याचा यील्ड बिंदू. पूर्वीचे हिशेबनीस तुळईच्या कडेचा तंतू या बिंदूपासून बराच अलीकडे रोखून धरीत. अमेरिकन पोलाद बांधकाम संस्थेच्या १९२३ च्या पहिल्या नियमावलीत ही मर्यादा दर चौरस इंचाला १८,००० पौंड, म्हणजे सुमारे १२४ मेगापास्कल होती. परंतु कडेचा तंतू यील्ड झाला म्हणजे तुळई मोडली असे मुळीच नाही. आतले तंतू अद्याप दम धरून असतात आणि भार वाढत गेला की ते एकामागून एक आपला वाटा उचलतात. हंगेरीच्या काझिंझीने १९१४ साली दोन्ही टोकांनी जखडलेल्या तुळयांवर प्रयोग करून हे दाखविले, आणि केंब्रिजच्या जॉन बेकर याने त्यावर संपूर्ण शास्त्र उभारले. महायुद्धात बाँबहल्ल्यापासून कुटुंबाचा बचाव करण्यासाठी १९४१ मध्ये इंग्लंडच्या घराघरांत वाटलेले टेबलवजा मॉरिसन आश्रयस्थान याच शास्त्राचे अपत्य होते : घर कोसळले तर ते वाकावे, चेपावे, परंतु आतल्या माणसांवर पडू नये, असा त्याचा हेतू होता. रुंद फ्लँजच्या छेदात या राखीव बळाचा साठा मात्र फार नसतो. भरीव आयताकृती छेदात तो ५० टक्के, तर आपल्या तुळईत जेमतेम १३ टक्के. कारण बहुतेक द्रव्य आधीच कडेला नेऊन ठेवलेले असते. काटकसर करणाऱ्याच्या तिजोरीत शिल्लक कमी, हा न्याय येथेही लागू आहे.

अमेरिकेत आज या तुळया बहुधा ज्या पोलादाच्या लाटतात त्याचा यील्ड बिंदू ३४५ मेगापास्कल असतो. तो १९९८ पासून रूढ झालेल्या प्रमाणाचा आहे, आणि त्यापूर्वीच्या, १९६० पासूनच्या प्रमाणात तो २५० होता. आपल्या छेदाचा प्लॅस्टिक मापांक, म्हणजे सगळे तंतू यील्ड झाल्यावरचे बळ काढण्याचा गुणक, १,६५० घन सेंटिमीटर. त्याला ३४५ ने गुणले असता ५६९ किलोन्यूटन-मीटर इतके पूर्ण नमन परिबल मिळते, आणि अनिश्चिततेपोटी दहावा हिस्सा वजा केला की हिशेबात धरण्याजोगे ५१२ उरते. ही तुळई ९ मीटर अंतरावर दोन टेकूंवर साधी ठेवली आहे, तिच्यावर स्वतःच्या वजनासह कायमचा भार दर मीटरला १० किलोन्यूटन व माणसे-सामानाचा चल भार १५ किलोन्यूटन आहे, असे समजू. नव्या अमेरिकन पद्धतीत कायमच्या भाराला १.२ ने आणि बेभरवशाच्या चल भाराला १.६ ने वाढवितात. बेरीज ३६ किलोन्यूटन होते आणि मध्यावरचे परिबल ३६४.५ किलोन्यूटन-मीटर भरते. भारतीय पद्धतीत दोन्ही भार १.५ ने वाढवून बळाला १.१० ने भागतात. येथील उदाहरणापुरते दोन्ही मार्ग जवळजवळ एकाच जागी येऊन पोहोचतात : पहिल्याप्रमाणे तुळईच्या ताकदीपैकी ७१ टक्के खर्च होते, दुसऱ्याप्रमाणे ७३. येथवर कोष्टक आणि शिरस्ता यांचे म्हणणे खरे ठरले.

परंतु हे सारे गणित एका अटीवर उभे आहे, आणि ती अट कोष्टकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली असल्यामुळे वाचणाराच्या नजरेतून निसटते. ती अट अशी की, दाब सोसणारा फ्लँज बाजूला सरकू नये म्हणून त्याला जागोजाग धरून ठेवलेले असावे. शाळेतली फूटपट्टी कडेवर उभी धरून दोन टोकांनी वाकविण्याचा यत्न करावा; ती खाली वाकण्याआधीच एकदम बाजूला झुकून पिळवटून जाते. साध्या टेकूंवरच्या तुळईचा वरचा फ्लँज हा वस्तुतः एक आडवा ठेवलेला स्तंभच आहे. दाबाखाली त्यालाही सुटून जावेसे वाटते. खाली किंवा वर जाण्यास वेब मनाई करतो, तेव्हा तो उरलेल्या एकाच वाटेने, म्हणजे बाजूला, निघू पाहतो; खालचा फ्लँज ताणाखाली असल्यामुळे सरळ राहू इच्छितो, आणि या रस्सीखेचीत सगळा छेद एकाच वेळी सरकतो व पिळला जातो; यालाच बाजूचे बकलिंग म्हणतात. ही गोष्ट जर्मनीत प्राँट्ल याने आणि मेलबर्न येथे मिचेल याने, परस्परांना पत्ता नसताना, १८९९ या एकाच वर्षी अरुंद आयताकृती पट्ट्यांसाठी गणिताने सिद्ध केली; ‘आय’ छेदाच्या फ्लँजांचा त्यात जो विशेष वाटा असतो तो पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिमोशेन्को याने उलगडला. पोलादाच्या इतिहासात इतका थोर शोध इतक्या थोड्या लोकांच्या कानी गेला असेल, असे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

आपल्या तुळईपुरते बोलावयाचे तर नियमावलीच्या हिशेबाने दाबाच्या फ्लँजला १.७८ मीटरच्या आत धरून ठेवले असेल तर पूर्ण ५१२ किलोन्यूटन-मीटर बळ मिळते. आधारांतील अंतर त्याहून वाढले की बळ उतरणीला लागते, ५.१५ मीटरच्या पुढे तर पोलादाच्या यील्ड बिंदूचा काही उपयोगच राहत नाही आणि केवळ लवचिक स्थैर्याचा नियम अंमल गाजवू लागतो. मधे कोठेच आधार न देता ९ मीटरची हीच तुळई एकसारख्या भाराखाली उभी केली, तर तिचे हिशेबी बळ १६० किलोन्यूटन-मीटरवर घसरते : पूर्ण बळाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी, आणि आपल्या गरजेच्या निम्म्याहून कमी. येथे पोलाद महाग आणून काही साधत नाही. परंतु तिसऱ्या-तिसऱ्या हिश्शावर दोन दुय्यम तुळया आणून वरच्या फ्लँजला धरले, म्हणजे आधारांचे अंतर ३ मीटर झाले, की तेच बळ ४४५ च्या आसपास परत येते आणि सारा प्रश्न मिटतो. दोन आडव्या कांबींनी जे साधते ते निम्म्याने अधिक वजनाच्या तुळईने साधेलच असे नाही.

यात आणखी एक पोटभेद आहे. भार वरच्या फ्लँजवर टेकलेला असेल आणि फ्लँजबरोबर बाजूला सरकण्याची मुभा त्याला असेल, तर तो भार पिळाला मदतच करतो व बळ आणखी घटते; तोच भार खालच्या फ्लँजला टांगलेला असेल तर तो पीळ सरळ करू पाहतो. कारखान्यांतील यारी ज्या तुळयांवर धावते तेथे हा भेद विशेष जाणवतो. पुढे काढलेल्या सज्ज्याच्या तुळईत खालचा फ्लँज दाबाखाली असतो, म्हणून तेथे वरचा स्लॅब पाहून निर्धास्त राहणे हे चुकीचे ठरते. आणि ज्या तुळईला शेवटी स्लॅब धरून ठेवणार आहे, तिलाही तो स्लॅब घट्ट होईपर्यंत कोणीच धरलेले नसते. म्हणून उभारणीचे दिवस हेच तिच्या आयुष्यातले सर्वांत जोखमीचे दिवस असतात. नकाशावर अंतिम स्थिती काढलेली असते, मधल्या पंधरा दिवसांची नव्हे.

सामर्थ्याइतकाच, किंबहुना लांब अंतरांत त्याहूनही कडक, असा दुसरा पहारेकरी म्हणजे बाक. चल भाराने फरशीला येणारा बाक अंतराच्या ३६० व्या भागाहून अधिक नसावा, ही सर्वत्र मानलेली मर्यादा आहे; भारतीय प्रमाणातही भेगा पडण्याजोग्या फरशांसाठी हाच आकडा दिलेला आहे. आपल्या ९ मीटरच्या तुळईला १५ किलोन्यूटन चल भाराखाली सुमारे १९ मिलिमीटर बाक येतो, मर्यादा २५ ची आहे; म्हणजे बळाचे ७१ टक्के खर्चिले असता बाकाचे ७७ टक्के खर्ची पडलेले आहेत. आता अंतर साडेदहा मीटर करून पाहू. परिबल वाढून सुमारे ४९६ होते आणि तुळई अद्याप तग धरते. परंतु बाक ३५ मिलिमीटरच्या पलीकडे जातो, मर्यादा २९ चीच राहते, आणि तुळई नापास होते. परिबल अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते, बाक चौथ्या घाताप्रमाणे, त्याचा हा परिणाम आहे. शिवाय पोलाद कितीही उंची घेतले तरी त्याचा स्थितिस्थापकता गुणांक जवळजवळ २,००,००० मेगापास्कलच राहतो. ९ मीटरची आपली तुळई जुन्या २५० च्या पोलादाची असती तरीही तिचे ३७१ किलोन्यूटन-मीटर बळ गरजेला कसेबसे पुरले असते, आणि बाक तोच आला असता. लांब अंतराच्या फरशीत अधिक बळकट पोलादासाठी अधिक पैसे मोजणाऱ्याने हा जमाखर्च आधी मांडून पाहावा. यावरचा खरा इलाज खोली वाढविणे, किंवा वरच्या फ्लँजवर खुंट्या वेल्ड करून काँक्रीटचा स्लॅब तुळईशी एकजीव करणे. या दुसऱ्या उपायाने ताठपणा वाढतो आणि बाजूचा आधारही आपसूक मिळतो, म्हणून आजच्या पोलादी इमारतींत तोच बहुधा पत्करला जातो.

कर्तनाची, म्हणजे छेदाला उभ्या दिशेने कापू पाहणाऱ्या बलाची, बाब थोडक्यात आटोपता येईल, कारण नेहमीच्या भारात वेबला ते फारसे जड जात नाही. आपल्या तुळईत टेकूजवळ १६२ किलोन्यूटन कर्तन आहे आणि वेबची क्षमता सुमारे ८५०. या सुबत्तेमुळेच वेबमधून नळ व वायुमार्ग नेण्यासाठी छिद्रे पाडता येतात. ती वेबच्या मध्यावर व अंतराच्या मधल्या भागात पाडली तर सहसा बिघडत नाही, टेकूजवळ मात्र पाडू नयेत, आणि फ्लँजला तर हिशेबावाचून कोठेच हात लावू नये. जेथे एकवटलेला भार थेट फ्लँजवर उतरतो तेथे पातळ वेब चुरमडण्याचा संभव असतो, म्हणून उभ्या पट्ट्या जोडतात. फ्लँज स्वतःच इतका रुंद व पातळ असू नये की दाबाखाली त्याला सुरकुत्या पडाव्यात, हीही एक अट आहे; बाहेर आलेल्या अर्ध्या फ्लँजची रुंदी या पोलादासाठी जाडीच्या सुमारे ९ पटींच्या आत असावी लागते, व आपल्या छेदात ती साडेसहा पट आहे. गिरणीतून बाहेर पडलेली तुळई निवताना तिच्या कडा आधी आणि मधला भाग नंतर थंड होतो, त्यामुळे भार येण्यापूर्वीच तिच्या अंगात बरेच प्रतिबल कोंडलेले असते. हे लीहाय विद्यापीठात बीडल व त्याच्या सहकाऱ्यांनी शतकाच्या मध्यावर मोजून दाखविले, आणि ५.१५ मीटरची जी मर्यादा वर आली तिच्या हिशेबात हा कोंडलेला हिस्सा आधीच वजा केलेला आहे.

तुळईचा विचार तिच्या टोकांवाचून पुरा होत नाही. १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजलिसजवळ नॉर्थरिज येथे भूकंप झाला तेव्हा पोलादी इमारती बाहेरून धडधाकट दिसत होत्या. पुढे आच्छादन काढून पाहिले असता अनेक इमारतींत तुळईचा फ्लँज जेथे स्तंभाला वेल्ड केला होता तेथेच तडे गेलेले आढळले. बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेस, जपानमध्ये कोबे येथील भूकंपाने हाच दाखला अधिक निष्ठुरपणे दिला. ज्या लवचीक, तंतूमागून तंतू यील्ड होण्याच्या गुणावर बेकरचे शास्त्र उभे होते, तो गुण तुळईच्या अंगी होता, पण जोडाने त्याला प्रकट होण्याची संधीच दिली नाही. त्यावर काढलेला उपाय वरवर पाहता उलटा वाटतो : स्तंभापासून थोड्या अंतरावर तुळईचे फ्लँज मुद्दाम कापून अरुंद करावयाचे, म्हणजे पोलाद तेथे यील्ड होईल आणि वेल्डवर गदा येणार नाही. तुळईचे बळ कमी करून इमारतीचे बळ वाढविण्याची ही युक्ती आज मान्य झालेली आहे.

आपल्याकडे जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद तयार होऊ लागले ते १९१२ साली. परंतु छेदांची प्रमाणे ठरली ती स्वातंत्र्यानंतर, पन्नाशीच्या दशकातील पोलादाच्या काटकसरीच्या मोहिमेत. भारतीय मानक संस्थेने १९५६ मध्ये पोलादी बांधकामाची संहिता आणि १९५७ मध्ये छेदांची यादी प्रसिद्ध केली. ‘आयएसएमबी’ म्हणून गावोगावच्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या तोंडी बसलेला छेद तो हाच. त्याचा फ्लँज आतून उतरता व तुलनेने अरुंद असतो आणि त्यातील सर्वांत मोठा छेद ६०० मिलिमीटर खोलीचा आहे. आपल्या उदाहरणाच्या जोडीस त्यातील ४५० चा छेद ठेवला तर तुलना उद्बोधक होते. वजन दर मीटरला ७२.४ किलो, म्हणजे जवळजवळ सारखे. उभ्या दिशेचे निरूढी परिबल, सेंटिमीटरच्या चौथ्या घातात, ३०,३९१, तर अमेरिकन छेदाचे ३३,३००. इथवर फरक किरकोळ. परंतु फ्लँजची रुंदी १५० विरुद्ध १९०, आणि आडव्या दिशेचे निरूढी परिबल ८३४ विरुद्ध सुमारे १,६७०. ज्या एका बाबतीत तुळई मुळातच दुबळी, तेथे भारतीय छेद निम्माच ताठ. म्हणजे बाजूच्या आधाराची निकड आपल्याकडे अधिक, कमी नव्हे. शिवाय उतरत्या फ्लँजवर बोल्ट नीट बसावा म्हणून पाचरीसारखा वॉशर घालावा लागतो, आणि तो घातला जातोच असे नाही. समांतर फ्लँजच्या छेदांना भारतीय प्रमाण मिळालेले आहे आणि ते आता देशातही लाटले जातात, त्यात छत्तीसगडच्या रायगड येथील गिरणीचा (हा आपला कोकणातला रायगड नव्हे) वाटा मोठा आहे. २००७ साली बदललेल्या संहितेने प्लॅस्टिक बळ, बाजूचे बकलिंग व भारांचे गुणक या सर्वांची तरतूद आधुनिक पायावर केली. नव्या कामासाठी समांतर फ्लँजचा छेद मिळत असता केवळ सवयीने जुना छेद मागविणे मला समर्थनीय वाटत नाही.

जुन्या कामांची गोष्ट निराळी. मुंबईच्या जुन्या चाळींत व इमारतींत लोखंडी गर्डरांवर दगडी लाद्या आणि त्यांवर चुन्याचा कोबा, अशी लादी-कोब्याची छते कितीतरी आहेत. खाऱ्या दमट हवेत, आणि विशेषतः ओल्या भिंतीत पुरलेल्या टोकांशी, गर्डर गंजतो. आणि गंज लागतो तो बहुधा फ्लँजलाच, जेथे एकेक मिलिमीटर मोलाचा असतो. आपल्या तुळईच्या दोन्ही फ्लँजांचे बाहेरून ३ मिलिमीटर पोलाद झडले, तर वजन १२ टक्के घटते, ताठपणा जवळजवळ १८ टक्के. त्याहून कमी ध्यानात येणारी बाब ही की, वरच्या लाद्यांचे ओझे हाच अशा गर्डरचा भार आणि घर्षणाने त्याच्या वरच्या फ्लँजला धरून ठेवणारा आधारही असतो. तेव्हा दुरुस्तीच्या नावाखाली लाद्या उचलून त्यांच्या जागी हलके पत्रे टाकावयाचे, किंवा मधल्या आडव्या कांबी अडचण म्हणून कापून काढावयाच्या, असा बेत मक्तेदाराने पुढे ठेवला, तर घरमालकाने व गृहसंस्थेच्या चिटणिसाने तुळईचा आकार किंवा वजन विचारू नये. काम संपल्यावर, आणि काम चालू असतानादेखील, तिच्या दाबाच्या फ्लँजला बाजूने कोण धरणार आहे आणि किती अंतरावर, एवढे अभियंत्याकडून सहीनिशी लिहून घ्यावे, आणि ते हाती येईपर्यंत कांबीला करवत लावू देऊ नये.